अनामिक क्लास लिहिताना

जावा भाषेचे प्राथमिक अध्ययन पुरे करून क्लास, इंटरफेस आणि वारसा या तीन कल्पनांशी ज्यांनी पुरेसा परिचय करून घेतला आहे, त्यांच्या दृष्टीस इतरांचा कोड वाचताना केव्हा तरी एक चमत्कारिक रचना पडते: ‘न्यू’ या शब्दापुढे एखाद्या इंटरफेसचे नाव, त्यापुढे रिकामा गोल कंस, आणि जेथे अर्धविरामाने विधान संपावयाचे तेथेच उघडलेला महिरपी कंस, ज्याच्या आत एक सबंध मेथड लिहिलेली आहे. इंटरफेसचे ऑब्जेक्ट निर्माण करता येत नाही हे पहिल्याच धड्यात शिकविलेले असल्यामुळे वाचक येथे थबकतो, आणि ते स्वाभाविक आहे. त्या महिरपी कंसात एक नवा क्लास जाहीर होतो, तो त्या इंटरफेसच्या अटी पुऱ्या करतो, आणि त्याच विधानात या नव्या क्लासचे ऑब्जेक्ट तयार होऊन हाती येते. क्लासला नाव तेवढे दिले जात नाही. याला ॲनॉनिमस इनर क्लास म्हणतात; या लेखात त्यास अनामिक क्लास म्हटले आहे.

नाव नसलेला क्लास म्हणजे एक क्षुल्लक, घटकाभराचा, आजूबाजूशी फारसे देणेघेणे नसलेला तुकडा, असा समज फार लवकर रूढ होतो आणि पुढे पुष्कळ त्रास देतो. नावाचा वरच्या पातळीवरील क्लास जितका स्वतंत्र असतो तितका अनामिक क्लास कधीच नसतो. ज्या मेथडमध्ये तो लिहिला तिची व्हेरिएबले, ज्या ऑब्जेक्टवर ती मेथड चालली ते ऑब्जेक्ट, आणि ज्याच्याकडून त्याने वारसा घेतला तो मूळ क्लास वा इंटरफेस, अशा तिघांशी त्याचे संबंध जडलेले असतात. आणि ही रचना वापरताना ज्या अडचणी येतात त्यांतील बहुतेक या तीनपैकी एखाद्या संबंधाची दखल न घेतल्यामुळे येतात.

या रचनेचे प्रयोजन तिच्या इतिहासातून चांगले उलगडते. जानेवारी १९९६ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जावाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा पडद्यावरील बटण दाबले गेल्याची वार्ता घ्यावयाची तर त्या बटणाचा, किंवा ते ज्या चौकटीत बसविले तिचा, वारस क्लास लिहून त्यात ॲक्शन किंवा हँडलइव्हेंट ही मेथड नव्याने लिहावी लागे. आणि चौकटीत दहा बटणे झाली की कोणते बटण दाबले गेले याचा शोध घेणारी अटींची लांबलचक माळ त्या एकाच मेथडमध्ये साचत जाई. फेब्रुवारी १९९७ मध्ये आलेल्या १.१ या आवृत्तीने हा शिरस्ता मुळापासून बदलला. ज्याला वार्ता हवी त्याने लिसनर म्हणून आपली नोंद करावी आणि घटना घडताच बटणाने नोंद झालेल्या प्रत्येकास कळवावे, अशी नवी व्यवस्था झाली. परंतु या व्यवस्थेत प्रत्येक बटणामागे एक लहानसा लिसनर क्लास लागणार हे उघड होते, आणि अशा शेकडो चार-चार ओळींच्या क्लासना नावे व जागा देत बसणे कोणासही परवडण्याजोगे नव्हते. म्हणून त्याच आवृत्तीत अंतर्गत क्लास आणि अनामिक क्लास भाषेत दाखल झाले.

दुसरा मार्गही समोर होता. डेल्फीमध्ये एखाद्या ऑब्जेक्टच्या मेथडचाच हवाला व्हेरिएबलमध्ये ठेवण्याची सोय होती. सनने १९९६ मध्ये तशा तरतुदीचा गंभीरपणे विचार केला, चालते नमुनेही तयार केले, आणि डेल्फीची निर्माती बोर्लंड कंपनी हिच्याशी मसलत करून तो मार्ग सोडून दिला. पुढे मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल जे++ मध्ये डेलिगेट या नावाने तशीच तरतूद आणली, तेव्हा सनने जाहीर निवेदन काढून अंतर्गत क्लासनी तेच कार्य भाषेत नवी कल्पना न घालता साधते, असे प्रतिपादन केले. तो निर्णय त्या काळी योग्यच होता असे मला वाटते, कारण शिकणाऱ्यास क्लास आणि ऑब्जेक्ट या दोनच कल्पनांवर सर्व काही उभारता आले. मात्र त्यापायी एका ओळीच्या कृतीसाठी पाच ओळी लिहिण्याचा जो भार पडला तो जावा लिहिणाऱ्यांनी पुढे सतरा वर्षे वाहिला.

लेखनाचे नियम थोडे आहेत. ‘न्यू’ पुढे इंटरफेसचे नाव असेल तर गोल कंस रिकामाच राहतो. क्लासचे नाव असेल तर त्या कंसातील मूल्ये मूळ क्लासच्या कन्स्ट्रक्टरकडे जातात. अनामिक क्लासला स्वतःचा कन्स्ट्रक्टर लिहिता येत नाही, कारण कन्स्ट्रक्टरचे नाव क्लासच्या नावावरून ठरते; प्रारंभिक तयारी करणे असल्यास आत नुसता महिरपी कंसांचा एक गट लिहावा, तो ऑब्जेक्ट तयार होताना चालतो. एक क्लास वाढवावा किंवा एक इंटरफेस पुरा करावा, यांपैकी एकच गोष्ट करता येते. शेवटचा महिरपी कंस मिटल्यावर, विधान तेथेच संपत असेल तर, अर्धविराम विसरू नये. कंपाइलर या क्लासला आपल्या दफ्तरी सोयीसाठी एक नाव देतोच: बाहेरील क्लास ‘नोंदवहीखिडकी’ असेल तर तयार होणाऱ्या फाइलींची नावे ‘नोंदवहीखिडकी$१’, ‘नोंदवहीखिडकी$२’ अशी असतात, आणि प्रोग्राम चूक दाखवून थांबला तर त्रुटीच्या तपशिलात हीच नावे दिसतात. हा क्रमांक क्लासच्या कोडातील स्थानावरून पडत असल्यामुळे मध्ये एखादा नवा अनामिक क्लास घातला की पुढील सर्वांचे क्रमांक सरकतात. म्हणून अशा क्लासचे ऑब्जेक्ट सीरियलाइझ करून साठवून ठेवू नये.

आता पहिला संबंध, म्हणजे मेथडमधील व्हेरिएबलांशी असलेला. ग्रंथालयाच्या नोंदवहीचा प्रोग्राम आपण लिहीत आहो असे समजू. खिडकी उभारणाऱ्या मेथडमध्ये सभासदाचा क्रमांक एका स्थानिक व्हेरिएबलमध्ये आहे, आणि ‘जतन करा’ या बटणाच्या लिसनरला तो क्रमांक हवा आहे. मेथड तर खिडकी उभारून केव्हाच संपून जाईल आणि तिची स्थानिक व्हेरिएबले तिच्याबरोबर नाहीशी होतील. बटण मात्र अर्ध्या तासाने दाबले जाईल. जावाने यावर काढलेला तोडगा असा, की अनामिक क्लासचे ऑब्जेक्ट तयार होताना त्या व्हेरिएबलच्या मूल्याची प्रत त्या ऑब्जेक्टच्या आत ठेवली जाते. कचेरीतल्या दस्तऐवजाची नक्कल पक्षकाराच्या हाती असावी आणि मूळ कागदात मागाहून खाडाखोड व्हावी, तर दोहोंतील कोणते खरे असा तंटा उभा राहतो. तो उभाच राहू नये म्हणून भाषेने असा दंडक घातला, की ज्या स्थानिक व्हेरिएबलचा आत उपयोग करावयाचा त्याचे मूल्य पुन्हा बदलता कामा नये. आरंभी अशा व्हेरिएबलवर ‘फायनल’ हा शब्द लिहावाच लागे. २०१४ च्या जावा ८ पासून, ते मूल्य प्रत्यक्षात कोठेही बदललेले नसले म्हणजे पुरते, शब्द लिहिण्याची सक्ती उरली नाही.

या दंडकाचा दैनंदिन कामात दोन ठिकाणी अनुभव येतो. जुन्या पद्धतीच्या ‘फॉर’ लूपमधील मोजणीचा अंक प्रत्येक फेरीत बदलत असल्यामुळे तो अनामिक क्लासच्या आत वापरता येत नाही. लूपच्या आतच एका नव्या व्हेरिएबलमध्ये त्याचे मूल्य घेऊन ते वापरावे. संग्रहातील एकेक घटक हाती देणाऱ्या नव्या पद्धतीच्या ‘फॉर’मध्ये मात्र प्रत्येक फेरीचे व्हेरिएबल निराळे धरले जात असल्याने ते थेट वापरता येते. दुसरे असे, की बाहेरील क्लासच्या फील्डांना हा दंडक मुळीच लागू नाही, त्यांचे मूल्य आतून खुशाल बदलता येते, आणि यामुळे शिकणाऱ्याचा गोंधळ होतो. कारण सरळ आहे. फील्डची प्रत केली जात नाही; बाहेरील ऑब्जेक्टचा हवाला ठेवून त्याच्यामार्फत मूळ फील्डपर्यंतच पोहोचता येते. दंडक चुकविण्यासाठी काही जण एकाच घटकाचा ॲरे करून त्यातील घटक बदलीत राहतात. कंपाइलर त्यास हरकत घेत नाही. पण तो लिसनर दुसऱ्या थ्रेडवर चालणार असेल तर या युक्तीने कंपाइलरने टाळलेला तंटाच पुन्हा अंगावर ओढवून घेतला जातो, तेव्हा ती न करणे बरे.

दुसरा संबंध बाहेरील ऑब्जेक्टशी, आणि येथे थोडे थांबणे अवश्य आहे, कारण सर्वांत महाग पडणाऱ्या चुका येथेच होतात. स्टॅटिक नसलेल्या मेथडमध्ये लिहिलेल्या अनामिक क्लासचे ऑब्जेक्ट आपल्या बाहेरील ऑब्जेक्टचा हवाला मुकाट्याने जवळ बाळगते. कोडात तो कोठेही दिसत नाही. त्यामुळे आतील ऑब्जेक्ट जोवर कोणाच्या तरी ताब्यात आहे तोवर बाहेरील ऑब्जेक्टही स्मृतीतून मोकळे होऊ शकत नाही. अँड्रॉइडवर याचे परिणाम फार ठळकपणे दिसतात. एखाद्या ॲक्टिव्हिटीत हँडलरचा अनामिक क्लास लिहून दहा मिनिटांनी पोहोचावयाचा निरोप रांगेत टाकला, आणि मध्यंतरी फोन आडवा धरला गेल्याने जुनी ॲक्टिव्हिटी बाद होऊन तिच्या जागी नवी उभी राहिली, तरी रांगेतील निरोप हँडलरला धरून आहे, हँडलर जुन्या ॲक्टिव्हिटीला, आणि ती आपल्या पडद्यावरील सर्व चित्रे, याद्या व बटणांना. एवढा सारा पसारा त्या निरोपाची वेळ येईपर्यंत स्मृतीत अडकून पडतो. यावर उपाय दोन. ॲक्टिव्हिटी संपताना ऑनडिस्ट्रॉय या मेथडमध्ये रांगेतील निरोप काढून टाकावेत. आणि ज्याचे आयुष्य बाहेरील ऑब्जेक्टहून अधिक असण्याचा संभव आहे असा क्लास अनामिक न ठेवता त्यास नाव देऊन स्टॅटिक करावा व ॲक्टिव्हिटीचा हवाला त्याच्याकडे वीक रेफरन्सच्या रूपाने द्यावा. जावा १८ पासून मूळ कंपाइलर, आतील क्लास बाहेरील ऑब्जेक्टचा काही उपयोग करीतच नसेल तर, हा हवाला वगळतो. परंतु एखादे फील्ड वाचले किंवा एखादी मेथड बोलाविली की हवाला आलाच, म्हणून या सुधारणेच्या भरवशावर आयुष्याचा विचार सोडून देणे योग्य नव्हे.

याच संबंधाची दुसरी बाजू नोंद रद्द करण्याची. लिसनर म्हणून अनामिक क्लासचे ऑब्जेक्ट जागच्या जागी निर्माण करून दिले, तर पुढे ती नोंद काढावयाची वेळ आल्यावर काय द्यावयाचे? नोंद रद्द करणाऱ्या मेथडला तेच ऑब्जेक्ट हवे असते. तसाच मजकूर लिहून नवे ऑब्जेक्ट दिल्यास ते निराळेच ठरते, कोणतीही चूक दाखविली जात नाही, आणि जुना लिसनर बिनबोभाट काम करीत राहतो. म्हणून जी नोंद केव्हा तरी रद्द करावी लागेल तिचे ऑब्जेक्ट आधी एका फील्डमध्ये ठेवावे आणि मग नोंदवावे. क्लास अनामिक राहिला तरी ऑब्जेक्टला नाव देण्यास कोणतीच आडकाठी नाही, आणि एवढी एक सवय लावून घेतली तरी कितीतरी घोटाळे टळतात.

तिसरा संबंध वारशाचा. अनामिक क्लासच्या आत एखादी मेथड नुसत्या नावाने बोलाविली, की कंपाइलर प्रथम आतील क्लासमध्ये ते नाव शोधतो, आणि वारशाने आलेली नावेही त्याचीच समजली जातात. तेथे ते नाव सापडले की बाहेर पाहिलेच जात नाही. नोंदवहीखिडकीत सभासदाचे नाव देणारी गेटनेम ही मेथड आहे आणि आपण थ्रेड या क्लासचा अनामिक वारस लिहून त्याच्या रन मेथडमध्ये गेटनेम बोलाविली, तर सभासदाचे नाव येत नाही, थ्रेडचे नाव येते. कारण थ्रेडपाशीही त्याच नावाची मेथड आहे. बाहेरील मेथड हवी असेल तर बाहेरील क्लासचे नाव, टिंब आणि ‘धिस’ असे लिहून तिचा स्पष्ट निर्देश करावा. नुसते ‘धिस’ म्हटल्यास त्याचा अर्थ अनामिक ऑब्जेक्ट स्वतः असा होतो.

वारशातला याहून लबाड दोष नावाच्या लेखनातील आहे. खिडकीच्या घटना ऐकणाऱ्या विंडोलिसनर या इंटरफेसमध्ये सात मेथडी आहेत. त्या साऱ्या लिहाव्या लागू नयेत म्हणून सातही मेथडी रिकाम्या लिहून ठेवलेला विंडोॲडॅप्टर हा क्लास दिलेला आहे, आणि हवी तेवढीच मेथड आपण अनामिक वारसात लिहावी अशी तजवीज आहे. परंतु विंडोक्लोझिंग या मेथडच्या नावात एक अक्षर चुकले तर कंपाइलर ती नवीच मेथड समजतो, मूळची रिकामी मेथड तशीच राहते, आणि खिडकी बंद करताना नोंदी जतन होत नाहीत. २००४ च्या जावा ५ मध्ये आलेले ‘@ओव्हरराइड’ हे ॲनोटेशन अशा प्रत्येक मेथडवर लिहावे. मग चूक तत्क्षणी उघड होते. इंटरफेसच्या मेथडींवर ते लिहिण्याची मुभा जावा ६ पासून मिळाली. अनामिक क्लासमध्ये हे ॲनोटेशन वगळण्यास कोणतेही कारण पुरेसे नाही.

जावा ८ मध्ये लॅम्डा (क्लास न लिहिता नुसती कृती लिहिण्याची सोय) आले आणि अनामिक क्लासचे अर्धेअधिक काम त्यांनी आपल्याकडे घेतले, हे इष्टच झाले. ज्या इंटरफेसमध्ये पुरी करावयाची मेथड एकच आहे, जसे कंपॅरेटर, रनेबल किंवा ॲक्शनलिसनर, तेथे नव्या कोडात लॅम्डाच लिहावा. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना कृती दिसते, तिच्याभोवतीचे सोपस्कार दिसत नाहीत. जोशुआ ब्लॉक यांच्या ‘इफेक्टिव्ह जावा’च्या तिसऱ्या आवृत्तीतही हाच सल्ला आहे, आणि अनामिक क्लास लिहावयाचाच तर तो सुमारे दहा ओळींच्या आत ठेवावा अशी मर्यादाही त्यांनी सांगितली आहे. अनामिक क्लास विधानाच्या ऐन मध्यभागी येतो. तो पन्नास ओळींचा झाला की विधानाचा आरंभ व शेवट यांतील अन्वय वाचणाऱ्याच्या हातून निसटतो.

तरीही लॅम्डाच्या हद्दीबाहेर पुष्कळ काही उरते. क्लासचा वारस हवा असेल, एकाहून अधिक मेथडी लिहावयाच्या असतील, किंवा आत स्वतःची स्थिती सांभाळणारे फील्ड हवे असेल, तर अनामिक क्लासच उपयोगी पडतो. याचे एक सुरेख उदाहरण लिंक्डहॅशमॅपचे आहे. वारंवार लागणाऱ्या शंभर पुस्तकांच्या नोंदी हाताशी ठेवावयाच्या आणि एकशे एकावी आली की सर्वांत दीर्घकाळ न वापरलेली काढून टाकावयाची असेल, तर कन्स्ट्रक्टरला १६, ०.७५ आणि ‘ट्रू’ ही तीन मूल्ये द्यावीत, ज्यांतील शेवटचे नोंदींचा क्रम वापरानुसार ठेवण्यास सांगते. आणि महिरपी कंसात रिमूव्हएल्डेस्टएंट्री ही मेथड लिहून तिच्यातून नोंदींची संख्या शंभरापेक्षा अधिक आहे काय एवढेच उत्तर परत करावे. एका ओळीच्या मेथडने सबंध साठ्याचे धोरण ठरते. तेथे साइझ ही मेथड नुसत्या नावाने बोलाविली तर ती मॅपचीच लागू होते. वर ज्या नियमाने थ्रेडच्या बाबतीत घात केला तोच येथे सोयीचा ठरतो. फोल्डर आणि त्यातील सर्व फाइली पाहत जाण्यासाठी जावा ७ मध्ये दिलेला सिंपलफाइलव्हिजिटर हाही असाच, दोन-तीन मेथडींचा अनामिक वारस लिहिण्यासाठीच जणू घडविलेला क्लास आहे.

एक उपयोग तर असा आहे की ज्यात महिरपी कंस रिकामेच ठेवावयाचे असतात. जावात जेनेरिक प्रकारांची माहिती कंपाइल झाल्यावर ऑब्जेक्टांपाशी उरत नाही. ‘स्ट्रिंगांची लिस्ट’ प्रोग्राम चालू असताना नुसती लिस्ट असते. परंतु एखाद्या क्लासने कोणत्या नेमक्या प्रकाराचा वारसा घेतला याची नोंद त्या क्लासच्या फाइलीत राहते. जेसन मजकुराचे ऑब्जेक्ट करणाऱ्या जीसन या लायब्ररीतील टाइपटोकन आणि जॅक्सनमधील टाइपरेफरन्स हे क्लास या नोंदीवर आधारलेले आहेत: त्यांचा रिकामा अनामिक वारस निर्माण केला की त्याच्या वारशातून लायब्ररीला पूर्ण प्रकार वाचता येतो. हे दोन रिकामे कंस निरर्थक समजून खोडून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. ते खोडले की कोड कंपाइल होणेच थांबते.

याउलट जेथे अनामिक क्लासचा मोह आवरावा अशी एक रचना आहे. नवी लिस्ट किंवा मॅप तयार करताना दुहेरी महिरपी कंस लिहून आतच घटक भरण्याची पद्धत दिसावयास आटोपशीर आहे. पण तिच्यात बाहेरचा कंस लिस्टचा अनामिक वारस क्लास जाहीर करतो आणि आतला प्रारंभिक तयारीचा गट असतो. म्हणजे चार शब्द भरण्यासाठी प्रत्येक ठिकाणी एक नवा क्लास निर्माण होतो, आणि शिवाय बाहेरील ऑब्जेक्टचा हवालाही त्या लिस्टबरोबर फिरत राहण्याचा संभव असतो. २०१७ च्या जावा ९ पासून लिस्ट आणि मॅप या इंटरफेसांवरच ‘ऑफ’ ही मेथड उपलब्ध आहे. बदलावयाची नसलेली यादी तिनेच करावी.

अनामिक क्लासला नाव केव्हा द्यावे? तोच मजकूर दुसऱ्या जागी लिहावा लागला तेव्हा; त्याच्या वर्तनाची स्वतंत्र चाचणी घ्यावीशी वाटली तेव्हा, कारण अनामिक क्लासपर्यंत चाचणीस थेट पोहोचता येत नाही; तो स्वतःच्या आत आणखी एक अनामिक क्लास बाळगू लागला तेव्हा; आणि त्याच्या वर काय चालले आहे हे सांगणारी टीप लिहावीशी वाटली तेव्हा, कारण त्या टिपेतील शब्दच बहुधा त्याचे नाव होण्यास योग्य असतात.

जुना कोड हाती आलेल्या वाचकांसाठी आणखी एक सूचना. आजची संपादन-साधने अनामिक क्लासखाली रेघ ओढून तो लॅम्डात बदलण्याची तयारी दाखवितात. ती सूचना स्वीकारण्यापूर्वी आतील मजकूर नीट वाचावा. आत ‘धिस’ हा शब्द असेल तर लॅम्डात त्याचा अर्थ बाहेरील ऑब्जेक्ट असा होतो, आणि टूस्ट्रिंगसारखी नुसत्या नावाने बोलाविलेली मेथडही बाहेरच्याची ठरते. तसेच ‘न्यू’ लिहिलेल्या अनामिक क्लासचे प्रत्येक वेळी नवे ऑब्जेक्ट मिळते, तर बाहेरचे काहीही न घेणाऱ्या लॅम्डाचे तेच ऑब्जेक्ट पुन्हा पुन्हा देण्याची मुभा भाषेने दिलेली आहे. म्हणून जेथे ते ऑब्जेक्ट कुलूप म्हणून सिंक्रोनाइझ्डला दिले असेल, किंवा प्रत्येक नोंद निराळी राहावी म्हणून एखाद्या सेटमध्ये ठेवले असेल, तेथे अनामिक क्लास तसाच राहू द्यावा आणि तो का राहू दिला याचा एका ओळीचा खुलासा वर लिहून ठेवावा.